कमरेत सुया टोचून घेऊ का, अन् पुन्हा भजनाला बसता येईल का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४७, आठ महिन्यांपासून कंबर दुखून राहिली, कधीमधी डाव्या कुल्ल्यापर्यंत चमक जाते, एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची गादी सरकली असं लिहून आलंय, गोळ्या घेतल्या की आठ दिवस बरं अन् पुन्हा येरे माझ्या मागल्या. कोणीतरी सांगितलं की तालुक्याला सुया टोचून कंबर बरी करतात, म्हणून विचारताय की टोचून घेऊ का. पण मला तुमचा खरा प्रश्न शेवटच्या दोन ओळींत दिसला, मंडळाच्या भजनात खंजिरी घेऊन बसलं की वीस मिनिटांत उठावं लागते अन् यंदा शेगावची पायी वारी चुकली. बाकीचं तुम्ही रिपोर्ट वाचून लिहिलंय, हे दोन वाक्य मात्र मनातून आलेत.

मी फिजिओथेरपी शिकले, मग अ‍ॅक्युपंक्चर शिकले, अन् वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९ वर्षांपासून हेच करून राहिली आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत अर्ध्या कापूस वेचणाऱ्या बाया, मग डवऱ्यामागे (कोळप्यामागे) चालणारे, पंप पाठीवर घेणारे, एसटीचे ड्रायव्हर, दोन-चार मास्तर. त्यामुळं जे सांगते ते पुस्तकातलं कमी अन् टेबलावरचं जास्त आहे.

थोडक्यात सांगायचं तर, घ्या टोचून, हरकत नाही. सहा सिटिंगचं ठरवून जा, त्यात फरक दिसला नाही तर उठून या. पण सुई लागल्यावर कंबर दोन-तीन दिवस हलकी होते ना, त्या दोन-तीन दिवसांत तुम्ही काय करता यावर भजन अन् वारी अवलंबून आहे, सुईवर नाही. आता सविस्तर.

आधी हे पाहून घ्या की तुमची कंबर सुईची आहे की दवाखान्याची. लघवी-संडासचा कंट्रोल गेला, लघवी तुंबली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून गळून पडते, यातलं काही असेल तर माझ्याकडे नाही, कोणाकडेच सुया टोचायला जायचं नाही, त्याच दिवशी मोठा दवाखाना, सेवाग्राम म्हणा की नागपूर मेडिकल म्हणा. दुसरं, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, याच्यामागे मणक्याचा टीबी निघू शकतो. एक बाई सहा महिने कमरेला तेल चोळून घेत होती, माझ्याकडे आली तेव्हा पाठीचा एक मणका हाताला वर आलेला लागत होता. मी एकही सुई लावली नाही, चिठ्ठी लिहून पाठवलं, टीबीच्या औषधांवर ती बरी झाली अन् आता पऱ्हाटी वेचते.

तिसरी गोष्ट आपल्या विदर्भाची खास, सिकलसेल, रक्ताचा जन्मापासूनचा आजार. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत तर बऱ्याच घरांत कोणी ना कोणी आहे, पण आपल्याकडेही काही समाजांत भरपूर आहे. सिकलसेलच्या माणसाची कंबर अन् हाडं दुखतात ती रक्तपुरवठा अडल्यामुळं, अन् कुल्ल्याचा खुब्याचा गोळा झिजला तरी माणूस 'कमर दुखते' असंच सांगतो. तेव्हा घरात कोणाला असेल, किंवा लहानपणापासून सांधे दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे असं असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी होते, ती आधी करून घ्या. गडचिरोलीत सर्च संस्थेच्या दवाखान्यात मुंबईचे मणक्याचे सर्जन येऊन कॅम्प करतात, तिकडच्या लोकांनी तिथं दाखवावं. तुमच्या लिहिण्यावरून यातलं काही दिसत नाही, पण तपासायच्या आधी मी कोणालाच पोटावर झोपवत नाही.

आता त्या एमआरआयबद्दल. 'गादी सरकली' हे दोन शब्द ऐकून माणूस जेवढा खचतो ना तेवढा दुखण्यानं खचत नाही. घरचे उचलू देत नाहीत, बायको बादली हातातून काढून घेते, माणूस वाकायलाच भितो. पण ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा माणसांचे फोटो काढून पाहिलेत डॉक्टरांनी, ३००० हून जास्त लोकांचा तो हिशोब २०१५ ला छापून आला, त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांची अन् पन्नाशीतल्या १०० पैकी ६० लोकांची गादी फुगलेली निघाली. दुखत नसताना बरं का. म्हणजे तुमच्या मंडळातले जे चार जण मजेत मांडी घालून बसतात, त्यांचाही एमआरआय काढला तर दोघांच्या रिपोर्टात तेच लिहून येईल. रिपोर्ट खोटा नाही, पण डोक्यावरचे पिकलेले केस जसे वयाचे तसंच त्यातलं बरंचसं वयाचं असते. तुमची चमक कुल्ल्यापर्यंतच राहते, गुडघ्याखाली जात नाही, पायात ताकद आहे, हे माझ्या मते फोटोपेक्षा महत्त्वाचं.

सुईबद्दल लोकांच्या मनात काय काय असते. एक बुवा म्हणाले, "मॅडम, मले वाटलं दाभणच घेऊन येता का काय." सुई केसापेक्षा तीनेकपट जाड, पाव मिलिमीटर, आत औषध नसते, पोकळ नसते, इंजेक्शनशी तिचा काही संबंध नाही. कमरेला साधारण ४० मिलिमीटर लांबीची वापरते. कण्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन बोटं सोडून, कमरेच्या दुसऱ्या अन् चौथ्या मणक्याच्या पातळीला, मग गुडघ्याच्या मागच्या खळग्यात, कधी कुल्ल्यात, कधी पोटरीजवळ. टोचताना मुंगी चावल्यासारखं, अन् नंतर आत जड-जड, ओढल्यासारखं वाटते, ते वाटलं तर बरंच. वीस ते तीस मिनिटं पडून राहायचं. काही जणांना बारीक करंट जोडतो आम्ही, पण छातीत पेसमेकर असेल तर करंट नको, हे विचारलं नाही तरी तुम्ही स्वतःहून सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही. शुगर असेल तर तेही.

अन् जेवून जा. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते कारण एका आषाढी एकादशीला एक दादा सकाळपासून फक्त चहावर आले, मी विचारायला विसरले, दहाव्या मिनिटाला पांढरेफटक, घामानं चिंब. सुया काढल्या, पाय उशीवर ठेवले, साखरपाणी दिलं (उपासाला चालते का असं त्याही अवस्थेत विचारलं त्यांनी), पाच मिनिटांत बरे झाले. घाबरण्यासारखं नसते पण टाळता येते. तेव्हापासून एकादशी अन् चतुर्थीला मी पहिली सिटिंग देतच नाही.

माझी दुसरी चूक पण सांगून टाकते. सुरुवातीच्या काळात एका बाईच्या गुडघ्यामागची एक सुई काढायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं आली, काडीपेटीत सुई घेऊन, "मॅडम, हे तुमची सुई राह्यली माह्यापाशी." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं मला. आता लावताना मोठ्यानं मोजते, काढताना पेशंटला मोजायला लावते. तुम्ही जिथं जाल तिथं हे दोन पहा, सुया तुमच्यासमोर नवीन सीलबंद पाकिटातून फोडतात का, अन् काढताना मोजतात का. उकळून पुन्हा वापरणारा असेल तर सरळ चप्पल घालायची.

आपल्या राज्यात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, २०१५ चा, अन् नोंदणी करणारी परिषदही आहे, म्हणून भिंतीवर नोंदणीचा कागद आहे का ते विचारायला लाजू नका. कोणी 'गादी जागेवर बसवून देतो' म्हणाला, किंवा पहिल्याच दिवशी ३० सिटिंगचं पॅकेज पुढं केलं, तर मला तरी तिथं विश्वास वाटणार नाही. सुई गादीला जागेवर बसवत नाही. गादीपर्यंत जातही नाही ती.

ही विद्या चीनची, पण आपल्याकडे येण्याच्या गोष्टीत आपलं नागपूर पण आहे, फार कोणाला माहीत नसते. जपाननं १९३७ ला चीनवर हल्ला केला, तेव्हा १९३८ ला भारतातून पाच डॉक्टर तिकडे मदतीला गेले, सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत, पण त्याच पाचांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, अन् बंगालचे डॉ. विजयकुमार बसूही. हे बसू पुढं १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, सुयांची विद्या शिकले अन् कलकत्त्यात आणली, तिथून ती देशभर पसरली. असो, विषय कमरेचा आहे.

आता माझ्या धंद्याच्या विरोधात जाणारी गोष्ट सांगते, कारण तुम्ही मजुरी पाडून तालुक्याला येणार, तर तुम्हाला ती माहीत पाहिजे. जर्मनीत कमरेच्या जुन्या दुखण्याच्या ११६२ लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००७ ला छापून आला. तीन गट केले. एकाला नीट, शास्त्राप्रमाणं जागा धरून सुया. दुसऱ्याला खोट्या, म्हणजे भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला नेहमीचा इलाज, गोळ्या-व्यायाम-फिजिओ. सहा महिन्यांनी पाहिलं तर खऱ्या सुयांच्या गटात १०० पैकी ४७-४८ लोकांना चांगला फरक, खोट्या सुयांच्या गटात ४४ लोकांना, अन् नेहमीच्या इलाजात फक्त २७ लोकांना. म्हणजे सुया टोचलेल्यांना जास्त बरं वाटलं हे खरं, पण कुठं टोचली यानं फार फरक पडला नाही हेही तेवढंच खरं. मी जागा पाठ करण्यात दोन वर्षं घातली होती, हे वाचून माझं काय झालं असेल विचार करा.

म्हणूनच मोठमोठ्या संस्था पण यावर एकमत नाहीत. इंग्लंडमध्ये कोणता इलाज करावा याचा सल्ला देणाऱ्या नाईस संस्थेनं २००९ ला कंबरदुखीसाठी सुया चालतील म्हटलं अन् २०१६ ला ते काढून टाकलं. अमेरिकेच्या फिजिशियन लोकांच्या संघटनेनं २०१७ ला गोळ्यांच्या आधी करून पाहायच्या इलाजांत व्यायामासोबत सुया ठेवल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ ला जुन्या कंबरदुखीसाठी सल्ला काढला, त्यात सुया आहेत, पण 'परिस्थिती पाहून' अशा बेतानं, अन् माणसाला दुखणं समजावून सांगणं अन् व्यायाम हेही त्यातच आहेत.

मग मी अजून टोचते काहून? कारण टेबलावर अर्धा तास पडून उठलेला माणूस वाकून चप्पल घालताना थबकतो अन् म्हणतो, अरे, झालं की. सुईनं मज्जातंतू चाळवले जातात, शरीर स्वतःची वेदना कमी करणारी रसायनं सोडते, आवळलेले स्नायू सैल होतात, अर्धा तास कोणी आपल्याकडे लक्ष दिलं हेही त्यात आलं, यातलं कशानं किती हे बाजूला ठेवा. आठ महिने दाराला कडी लावून बसलेला माणूस थोडं दार उघडून बघतो, मला तेवढंच पाहिजे असते. माझा एक पेशंट, बैलजोडीवाला, बैलाला टोचायच्या काठीचं, म्हणजे तुतारीचं नाव घेऊन म्हणायचा, "मॅडम, तुमची सुई म्हंजे तुतारी हाय. बैल उठते, पण बंडी त बैलालेच वढा लागते."

पहिली आठ-नऊ वर्षं मला हे कळलंच नव्हतं. लोक यायचे, टोचून घ्यायचे, दोन दिवस बरं वाटायचं, 'आराम करा, वाकू नका, वजन उचलू नका' असं मीच सांगायची, अन् पंधरा दिवसांनी ते पुन्हा दारात. वीस-वीस, तीस-तीस सिटिंग. मला वाटायचं माझा हात चांगला आहे म्हणून येतात. एक आजी होती, कीर्तनाला जायची आवड, ती दोन वर्षं अधूनमधून येत राहिली अन् एक दिवस बोलता बोलता कळलं की तिनं कीर्तन कधीच सोडलं होतं, कारण मी सांगितलं होतं खाली बसायचं नाही. दुखणं कमी झालं होतं तिचं, दहापैकी सातावरून चारावर, माझ्या वहीत तसं लिहिलेलं पण होतं. पण आयुष्यातली एकच मजा मी काढून घेतली होती. त्या दिवसापासून मी 'किती दुखते' हे दुसरं विचारते. पहिलं विचारते, काय करायचं राहून गेलंय?

तर तुमचं भजन. मांडी घालून बसलं की दुखते याचं कारण बहुतेक वेळा गादीपेक्षा कुल्ले असतात. कुल्ले आखडलेले असले की मांडी घातल्यावर गुडघे वर राहतात अन् कंबर मागं गोल होते, त्यात खंजिरी एका हातात उचलून धरायची अन् दुसऱ्यानं वाजवायची, वरून ताल चढला की पुढं झुलायचं. दोन तास गोल पाठीनं झुलणार तर चांगल्या माणसाची कंबर बोलेल. उपाय एकदम साधा, बुडाखाली तीन-चार इंच उंची घ्या. सतरंजीची घडी, पाट, काहीही. गुडघे कमरेच्या खाली आले की पाठ आपोआप सरळ होते, ताठ बसायला जोर लावावा लागत नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत सगळे सपाट सतरंजीवर अन् आपणच उंचावर म्हणून लाजू नका, कोणी काही म्हणत नाही, म्हटलं तर माझं नाव सांगा.

अन् वेळ मोजा. तुम्ही लिहिलं वीस मिनिटांत उठावं लागते, तर पहिल्या आठवड्यात बारा-पंधरा मिनिटांतच, दुखायच्या आधी, उठायचं. हे लोकांना उलटं वाटते. दुखेपर्यंत बसायचं अन् मग हार मानून उठायचं, हे केलं की डोक्यात पक्कं होते की बसणं म्हणजे दुखणं. दुखायच्या आधी उठलं, दोन मिनिटं खांबाला टेकून उभं राहिलं, हात वर करून पाठ मागं वाकवली अन् पुन्हा बसलं, तर तेच दोन तास तुकड्यातुकड्यानं होतात. दर आठवड्याला तुकडा पाच मिनिटांनी वाढवा. दोन भजनांच्या मध्ये पाय बदला. खांबाजवळची जागा पहिल्यापासून धरून ठेवा, नाहीतर ती म्हाताऱ्यांची असते.

घरी दोनच व्यायाम सांगते, पंधरा सांगितले तर एकही होत नाही हा माझा अनुभव. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, कुल्ले उचलून पाच आकडे थांबा, खाली, असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा, वाकायचं शिकणं. तुतारी घ्या, उभी पाठीवर धरा, डोक्याला, पाठीच्या मधोमध अन् माकडहाडाला अशा तीन जागी टेकली पाहिजे. आता गुडघे थोडे सैल करून कुल्ले मागं ढकलत वाका, तिन्ही जागा सुटू न देता. दहा वेळा. पोरं हसतील, हसू द्या. हेच वाकणं मग चारा उचलताना, बादली उचलताना वापरायचं. पण हेही सांगते की गोल पाठीनं वाकणं म्हणजे काही पाप नाही, पोराच्या हातून पडलेला चेंडू तुम्ही बिनधास्त वाका अन् उचला, माणसाचा कणा वाकायलाच बनलाय. भीतीनं लाकूड होऊन फिरणाऱ्यांची कंबर जास्त दिवस दुखते, हे मी शेकडो पाहिलेत.

सुईसोबत हे कसं बसवायचं ते आता. आठवड्यातून दोन सिटिंग, तीन आठवडे. टोचलेल्या दिवशी संध्याकाळी पाय मोकळे करायला चालायचं, पंप उचलायचा नाही. दुसऱ्या अन् तिसऱ्या दिवशी, जेव्हा हलकं वाटते, तेव्हाच थोडं वाढवायचं. सगळे नेमकं उलटं करतात, हलकं वाटलं की एकतर पडून राहतात, आता बरं आहे तर सांभाळू म्हणून, नाहीतर एकदम चार एकराचं डवरण उरकायला जातात. किती दुखलं तर थांबायचं? दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणं चालते, अन् दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते पहिल्या जागेवर आलं पाहिजे. नाही आलं तर जास्त झालं, मागच्या आठवड्याचं माप धरा. काही तुटलं नाही, फक्त माप चुकलं.

वारीचं गणित वेगळं. तुमचं गाव कुठलं ते लिहिलं नाही, पण आपल्या बाजूनं शेगाव म्हणजे काही दिवस रोज पंचवीसेक किलोमीटर धरावेच लागतात. आज तुम्ही पंधरा मिनिटं आरामात चालता असं धरलं तर सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा, डांबरी सपाट रस्त्यावर, अन् दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं. सलग तासभर जमलं की मग आठवड्यातला एक दिवस लांब चाल ठेवा, दोन तास, अडीच, तीन. निघायच्या महिनाभर आधी दोन दिवस लागोपाठ लांब चालून पहा, कारण वारीत कंबर पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना बोलते. रबरी चपलेवर ही तयारी करू नका, बूट आताच घ्या म्हणजे पायाला ओळख होते. खांद्यावर एका बाजूनं पिशवी नको, दोन पट्ट्यांची बॅग, अन् तीही शेवटच्या महिन्यातच भरायला सुरू करायची.

अडचण एवढीच आहे की गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला पोचायचं म्हणाल तर माघ वद्य सप्तमी, अन् त्याच्या आधीचे तीन महिने म्हणजे कापसाचा हंगाम. तुम्ही म्हणाल चालू कधी? म्हणून वावरात जायचं गाडीवर नको, पायी जा, तेच सकाळचं चालणं धरा. येता प्रकट दिन नाही जमला तर नाही, नंतर कोणत्याही गुरुवारी जा, महाराज हजेरी मांडत नाहीत. माझ्या एका पेशंटनं पहिल्या वर्षी शेवटचा एकच मुक्काम चालला, आधीचा रस्ता एसटीनं. मला ती वारी पूर्णच वाटली.

वावरातल्या कामाचं थोडं. वेचताना ओटीत दहा-बारा किलो होईपर्यंत ओढत नेऊ नका, तीन-चार किलोला धुऱ्यावर (बांधावर) रिकामी करा, फेऱ्या वाढतात पण प्रत्येक फेरीत कंबर सरळ होते. खालची बोंडं एक गुडघा टेकवून. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या वर जातो, हे दोन-तीन महिने अर्धाच भरा, दोन्ही पट्टे लावा, अन् जमिनीवरून उचलून पाठीवर घेऊ नका, बंडीवर किंवा धुऱ्यावरच्या दगडावर ठेवून मग अडकवा. कमरेचा पट्टा जड कामाच्या तासा-दोन तासापुरता ठीक, दिवसभर बांधून फिरायचा नाही.

बिब्बा लावला असेल तर कृपा करून त्या जागी सुया लावू देऊ नका. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी पाठ भाजून येते, वर फोड, खाली तीच दुखणारी कंबर. पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतली का असं मी विचारते तेव्हा लोक हसतात, पण निम्म्यांनी घेतलेली असते. हळूच पाय लावला तर काही बिघडत नाही. आठ महिन्यांची कंबर आहे तर जोरात मात्र नको.

खर्चाचं म्हणाल तर माझ्याकडे एका सिटिंगचे ३०० रुपये, सहाचे १८०० झाले, त्यावर एसटीचं भाडं अन् सहा दिवसांची अर्धी-अर्धी मजुरी. बाजाराच्या दिवशी या म्हणजे एक फेरी वाचते. बाईमाणूस असेल तर एसटीला अर्धं तिकीट लागते, तुम्हाला पूर्ण. चौथ्या सिटिंगपर्यंत बसायची वेळ किंवा चालायची वेळ, यातलं एकही वाढलं नसेल तर मी स्वतःच थांबवते, पाचव्याचे पैसे घेत नाही, अन् चमक कुल्ल्याच्या खाली उतरायला लागली तर त्याच्याही आधी. मग पुन्हा तपासायचं, फक्त व्यायामावर जायचं की सर्जनला दाखवायचं ते ठरवायचं. सहानंतर बरं असेल तरी सुया बंद, व्यायाम चालू. वर्षातून कधी उसण भरली तर एखाद-दोन वेळा या, तेवढं पुरते.

येताना सैल पायजमा घाला, नाश्ता करून या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून आणा, एमआरआयचा कागद आणा (मोठी फिल्म नसली तरी चालते), अन् चौथ्या सिटिंगला खंजिरी आणा. टेबलावरून उतरल्यावर खाली सतरंजी टाकून देते, पाट माझ्याकडे आहे, पंधरा मिनिटं तिथंच वाजवून दाखवा. बाहेर बसलेल्या लोकांना मी सांगून ठेवीन.